रडार चिपचा कच्चा डेटा एफपीजीएमध्ये पकडताना: खाजनातल्या मानशीवरच्या प्रकल्पाला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या फोंडा भागातल्या अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या एका गटाला चोडण बेटावरच्या खाजनात (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत), मानशीच्या (भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी, रडारने पाण्याची पातळी आणि पृष्ठभागावरच्या प्रवाहाचा वेग मोजायचा आहे. हाताशी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा (टीआय) एडब्ल्यूआर१६४२ बूस्ट हा रडार-चिपचा बोर्ड आहे आणि लॅबमधला झेडबोर्ड, ज्याच्या झिंक चिपमध्ये एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए (आतले सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) एकत्र आहेत. डीसीए१००० हे तयार कॅप्चर कार्ड न घेता त्यांनी रडारच्या एलव्हीडीएस लेन (तारांच्या जोडीवरून जाणाऱ्या वेगवान सीरियल वाहिन्या) छोटा अडॅप्टर बोर्ड करून थेट झेडबोर्डाच्या एफएमसी कनेक्टरवर आणल्या. डेटा येतो. पण रेंज-प्रोफाइल (कोणत्या अंतरावरून किती परतावा येतो त्याचा आलेख) कधी झकास, कधी नुसता कचरा. रीसेट दाबला की चित्र बदलते. शिवाय चित्र चांगले असतानाही मध्येच एखादी फ्रेम ‘सरकते’ आणि पुढचे सगळे बिघडते. वेग कमी करू का, केबल बदलू का, की मोठी एफपीजीए मागवू, असे त्यांनी विचारले आहे.

मोठी एफपीजीए मागवू नका. प्रति लेन ६०० मेगाबिट हा झेडबोर्डावरच्या झिंक ७०२० ला अवघड वेग नाही. त्याच्या सगळ्यात हळू स्पीड ग्रेडलाही डीडीआर (क्लॉकच्या दोन्ही कडांवर बिट) एलव्हीडीएस घेताना ९५० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. आणि तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे एकाच रोगाची नाहीत. रीसेटनंतर चित्र बदलते ते शब्दाची सुरुवात कुठे हे एफपीजीएला ठरवता येत नाही म्हणून. फ्रेम सरकते ती पुढे कुठेतरी डेटा गळतो आणि गळल्याचा पत्ता कोणालाच लागत नाही म्हणून. पहिले पिनांपाशी दुरुस्त होते, दुसरे मेमरी आणि नेटवर्कपाशी. दोन्हीकडे एकदमच हात घातलात तर आठवडाभर गोल गोल फिराल.

पण त्याआधी हिशेब. तुमची सेटिंग अशी आहे: चर्पमागे (वारंवारता चढवत नेणाऱ्या एका स्पंदामागे) २५६ कॉम्प्लेक्स सॅम्पल, ४ रिसीव्हर, आय आणि क्यू (कॉम्प्लेक्स सॅम्पलचे दोन भाग) प्रत्येकी १६ बिट. म्हणजे २५६ × ४ × ४ = ४०९६ बाइट एका चर्पला. दोन ट्रान्समीटर आलटून पालटून, १२८ लूप, म्हणजे फ्रेमला २५६ चर्प आणि बरोबर १ मेबीबाइट. सेकंदाला २० फ्रेम धरल्या तर सरासरी १६८ मेगाबिट. हा आकडा बघून सगळे निर्धास्त होतात. पण चर्प दर ६० मायक्रोसेकंदांनी येतो, आणि फ्रेम चालू असताना धार ५४६ मेगाबिटची असते. ती १५.४ मिलिसेकंद चालते, मग उरलेला वेळ शांतता. दोन लेनवर मिळून १२०० मेगाबिट जातात, त्यामुळे एक चर्प २७.३ मायक्रोसेकंदांत बाहेर पडतो. चिपच्या आत पिंग-पाँग बफर आहे: एक चर्प भरत असताना आधीचा बाहेर जातो. तो पुढचा भरायच्या आत गेला पाहिजे, एवढीच अट.

रडारला ‘जरा थांब’ म्हणता येत नाही, हे मात्र पक्के लक्षात असू द्या. प्रोसेसर-मेमरीच्या व्यवहारात घेणारा तयार नसेल तर देणारा थांबतो. इथे तशी सोय नाही. एफपीजीएच्या आत तुम्ही कितीही सुबक एएक्सआय स्ट्रीम (चिपच्या आतली डेटावाहिनी) बांधा, पहिल्या फिफोच्या (आधी आलेले आधी देणाऱ्या बफरच्या) तोंडाशी ‘रेडी’ खाली गेला की त्या क्षणाचा डेटा गेला तो गेलाच.

आता पिनांकडे. झेडबोर्डावर एफएमसीच्या बँकांना (पिनांच्या गटांना) व्हीअॅडजे हा व्होल्टेज मिळतो आणि तो जंपरने ठरतो. बोर्ड खोक्यातून निघतो तेव्हा तो १.८ व्होल्टवर असतो. या बँका एचआर जातीच्या आहेत. त्यांत एलव्हीडीएस_२५ घेताना आतले १०० ओहमचे टर्मिनेशन वापरायचे असेल तर बँकेला २.५ व्होल्टच लागतात. गंमत अशी की व्हिवाडोला (एफपीजीएचे सर्किट तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला) जंपर दिसत नाही. तुम्ही कन्स्ट्रेंट फाइलमध्ये एलव्हीडीएस_२५ लिहिले, डिफ-टर्म (आतले टर्मिनेशन) चालू केले, की टूल मान डोलावते आणि बिटस्ट्रीम देते. प्रत्यक्षात बँक १.८ वर, टर्मिनेशन आपल्या मर्जीचे, आणि सिग्नलचा ‘डोळा’ (बिट खात्रीने वाचता येतो तो मोकळा भाग) अर्धा मिटलेला. तेव्हा पॉवर काढा, जंपर २.५ वर घाला, मीटरने मोजा, मगच अडॅप्टर लावा. त्याच बँकांवर बोर्डाचे स्विच आणि बटणेही आहेत. त्यांची एलव्हीसीमॉस१८ (१.८ व्होल्ट) ही नोंद एलव्हीसीमॉस२५ करा, नाहीतर टूल एकाच बँकेत दोन व्होल्टेज म्हणून भांडेल. रडारच्या बाजूने काळजी नाही: त्याचा एलव्हीडीएस १.२ व्होल्टच्या आसपासच्या कॉमन-मोडवर चालतो, तो या बँकेला चालतो.

हाच प्रकल्प कोणी आर्टीसारख्या स्वस्त बोर्डावर करत असेल तर त्याचे पीमॉड (जोडणीचे छोटे हेडर) ३.३ व्होल्टवर आहेत. तिथे आतले टर्मिनेशन विसरा. पिनांच्या अगदी जवळ बाहेरून १०० ओहम लावा आणि डिफ-टर्म बंद ठेवा. जमते, पण पीमॉडच्या हेडरमधून ६०० मेगाबिट काढायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

अडॅप्टरवर चार जोड्या आहेत: दोन डेटा लेन, एक बिट-क्लॉक, एक फ्रेम-क्लॉक. चारही एकाच बँकेत यायला हव्यात, कारण बिट-क्लॉक ज्या बुफआयओमधून (बँकेपुरत्या क्लॉक-बफरमधून) जातो तो आपल्या बँकेपलीकडे पोचत नाही. झेडबोर्डावर एफएमसीच्या एलए०० ते एलए१६ या पिनजोड्या एका बँकेत आहेत आणि एलए१७ पासून पुढच्या दुसऱ्या. क्लॉकची जोडी एलए०० किंवा एलए०१ वर, म्हणजे क्लॉक घेऊ शकणाऱ्या पिनांवर आली पाहिजे. तुमच्या स्कीमॅटिकमध्ये एक डेटा लेन एलए१८ वर दिसते. ती हलवा. टूलने तिथे बुफजीमधून (चिपभर जाणाऱ्या क्लॉक-बफरमधून) वाट काढून दिली असेल, पण मग त्या लेनचा क्लॉक इतरांपेक्षा वेगळ्या उशिराने पोचतो आणि जुळवाजुळव दर बिल्डला बदलते. ट्रेसच्या लांबीचा मात्र फार बाऊ करू नका. एफआर४ वर एका सेंटिमीटरला साधारण ६५-७० पिकोसेकंद लागतात आणि तुमचा एक बिट १६६७ पिकोसेकंदांचा आहे. जोडीतले दोन ट्रेस सारखे ठेवा, जोड्या-जोड्यांत पाच-सात मिलिमीटर कमीजास्त झाले तर बिघडत नाही. बिघडते ते जंपर वायरने, आणि दोन बोर्डांमध्ये एकाच बारीक तारेने ग्राउंड जोडल्याने.

बिट-क्लॉक एमएमसीएममधून (आतल्या क्लॉक-जुळवणी ब्लॉकमधून) फिरवायचा मोह होतो. नको. चर्पांच्या मधे, रडार पुन्हा कॉन्फिगर होताना, पॉवर चालू-बंद करताना तो क्लॉक अखंड चालेल याची खात्री धरू नका. थांबला की एमएमसीएमचे लॉक सुटते आणि पुन्हा बसेपर्यंतचा डेटा वाया. बुफआयओ सीरियल बाजूला, बुफआर (क्लॉक भागणारा बफर) चारने भागून समांतर बाजूला. ६०० मेगाबिट डीडीआर म्हणजे ३०० मेगाहर्ट्झचा क्लॉक, तो चारने भागला की ७५ मेगाहर्ट्झला प्रत्येक लेनवर एक बाइट. एवढ्यावर आयसर्डेस (सीरियल बिटांचे बाइट करणारे ब्लॉक) सुखाने चालतात.

आता तुमच्या पहिल्या लक्षणाचे मूळ. तुम्ही पाठवलेल्या कोडात आयसर्डेसचे रीसेट झेडबोर्डाच्या १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवरून सुटते, आणि तेही एफपीजीए कॉन्फिगर होताच. त्या वेळी रडार अजून बूटही झालेला नसतो, बिट-क्लॉक नाहीच. मग तो सुरू होतो तेव्हा बुफआर कोणत्या कडेवरून भागायला लागेल आणि कुठली लेन कुठल्या बिटापासून आठ मोजू लागेल ते नशिबावर. म्हणून दर रीसेटला नवे चित्र. उपाय असा: आधी बिट-क्लॉक खरोखर चालू आहे का ते स्वतंत्र क्लॉकवर मोजा, मग बुफआर क्लिअर करा, आणि सगळ्या लेनचे रीसेट त्या ७५ मेगाहर्ट्झवर सिंक्रोनाइझ करून एकाच वेळी सोडा. रडार पुन्हा सुरू केला की हा क्रम पुन्हा.

त्यानंतर फ्रेम-क्लॉक. तुम्ही तो साध्या इनपुटसारखा घेऊन त्याच्या कडेवर काउंटर शून्य करता. ३०० मेगाहर्ट्झच्या घरात हे चालायचे नाही. फ्रेम-क्लॉकलाही डेटा लेन समजा, त्याला स्वतःचा आयसर्डेस द्या. १६ बिटांच्या फॉरमॅटमध्ये तो सॅम्पलच्या अर्ध्या भागात वर आणि अर्ध्या भागात खाली असतो. म्हणजे जुळलेल्या स्थितीत त्याच्या आयसर्डेसमधून एकदा आठही एक, एकदा आठही शून्य, असे आलटून पालटून निघाले पाहिजेत. मध्ये ०००००१११ किंवा १११००००० अशी भेसळ दिसली की बिटस्लिप (बाइटची सीमा सरकवणारा इशारा) द्या. जेवढे बिटस्लिप त्याला, तेवढेच दोन्ही डेटा लेनना, त्याच क्षणी. आणि ‘आठ एक’ ज्या बाइटला येतात तो सॅम्पलचा पहिला बाइट, त्यामुळे १६ बिटांची जोडीही आपोआप ठरते. एक बारकावा: डीडीआरमध्ये बिटस्लिप दर वेळी एकेक बिट सरकत नाही. एकदा उजवीकडे एक, पुढच्या वेळी डावीकडे तीन, असा तो आळीपाळीने चालतो. त्यामुळे ‘तीनदा दिला म्हणजे तीन बिट’ असा हिशेब मांडू नका. एकदा द्या, काही क्लॉक थांबा, बघा, पुन्हा द्या.

इतके झाले की आयडिले (पिनेवरच्या सिग्नलला टॅप-टॅपने उशीर देणारा ब्लॉक). इथे घाई करू नका, सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त कळते ते इथेच. २०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक दिला की आयडिलेचा एक टॅप ७८ पिकोसेकंदांचा, आणि टॅप ३२. म्हणजे एकूण पल्ला २.४ नॅनोसेकंद, एका बिटापेक्षा जास्त. एका बिटात सुमारे २१ टॅप बसतात. रडारमध्ये टेस्ट पॅटर्न चालू करा. चिप अँटेनाकडचा डेटा सोडून ठराविक पायरीने वाढणारे आकडे पाठवू लागते, त्यामुळे पुढचा आकडा काय हवा ते तुम्हाला आधीच ठाऊक असते. टॅप ० ठेवा, काही लाख शब्द घ्या, चुका मोजा. टॅप १. टॅप २. असे ३१ पर्यंत, दोन्ही लेनना. कागदावर चुकांची पट्टी काढा: काही टॅपवर चुका, मग एक सलग स्वच्छ पट्टा, मग पुन्हा चुका. पट्ट्याच्या मध्यावर टॅप ठेवा. स्वच्छ पट्टा दहा-बारा टॅपांचा असेल तर तारा आणि टर्मिनेशन ठीक. तीन-चार टॅपांचाच असेल तर कोडात कितीही डोके घालून उपयोग नाही, बोर्ड बघा. आणि दोन लेनचे पट्टे एकमेकांपासून फार दूर असतील तर एक तर लेआउट चुकला आहे किंवा ती एलए१८ वरची लेन अजून तिथेच आहे. डेटाशीटमध्ये क्लॉकची कड डेटाच्या मधोमध दाखवली आहे म्हणून ही पायरी गाळू नका. कनेक्टर, अडॅप्टर आणि एफपीजीएच्या आतली वाट मिळून ती मधोमध राहत नाही.

टेस्ट पॅटर्न तासभर एकही चूक न होता चालला की पहिले लक्षण संपले. तोवर अँटेनाचा डेटा उघडूसुद्धा नका. खऱ्या डेटात गोंगाट इतका असतो की तुटका बिट त्यात सहज लपतो.

दुसरे लक्षण, सरकणारी फ्रेम. तुमची साखळी अशी आहे: आयसर्डेस, लहान फिफो, एएक्सआय डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीत लिहिणारा ब्लॉक), डीडीआर मेमरी, तिथून एआरएमवरचा लिनक्स, आणि गिगाबिट इथरनेटने लॅपटॉप. यात कुठेही चर्पचा नंबर नाही. लॅपटॉपवरचा पायथन ४०९६ बाइट मोजतो आणि म्हणतो हा चर्प. वाटेत चार बाइट गळले की त्या क्षणापासून पुढचा प्रत्येक चर्प चार बाइटांनी तिरका, रात्रभर चालवलेत तर रात्रभर. म्हणून नंबर उगमापाशी घाला. आयसर्डेसनंतर लगेच, पहिल्या फिफोच्या आधी, प्रत्येक चर्पला १६ बाइटांचे हेडर लावा: एक ठराविक खूण, फ्रेम क्रमांक, चर्प क्रमांक, मोजलेली लांबी, आणि एक बाइट झेंड्यांचा: फिफो भरला होता का, लांबी चुकली का. टीआयच्या एसडीकेत एलव्हीडीएस स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये हेडर चालू करायचा पर्याय आहे तोही चालू करा. मग चिपचे हेडर आणि तुमचे हेडर एकमेकांशी ताडून बघता येतात. लांबी जुळली नाही तर तो चर्प झेंड्यासकट पुढे जाऊ द्या, गाळू नका. गाळलेला चर्प डॉप्लरच्या (वेग काढणाऱ्या) एफएफटीत भोक पाडतो आणि त्याचे कारण नंतर कोणालाच सापडत नाही.

फिफो किती मोठा? एका चर्पला एक ३६ किलोबिटचा ब्लॉक रॅम पुरतो, ४०९६ बाइट म्हणजे ३२ किलोबिट. मी अशा ठिकाणी १६ चर्पांचा ठेवतो. अख्खी फ्रेम आत मावेल का, असे तुम्ही विचारले आहे: ७०२० मध्ये असे १४० ब्लॉक आहेत, फ्रेमला २५६ लागतील. मावणार नाही, आणि मावण्याची गरजही नाही. डीडीआर मेमरी कशासाठी आहे?

डीएमएमध्ये तुमच्याकडे बहुधा आणखी एक घोटाळा आहे. तुम्ही पाठवलेल्या चित्रात खराब फ्रेममध्ये आडव्या बारीक पट्ट्या दिसतात, आणि प्रत्येक पट्टी बरोबर आठ कॉम्प्लेक्स सॅम्पलची आहे. आठ सॅम्पल म्हणजे ३२ बाइट. कॉर्टेक्स-ए९ ची कॅशे लाइनही ३२ बाइटांचीच. डीएमए एचपी पोर्टमधून थेट डीडीआरमध्ये लिहितो, प्रोसेसरच्या कॅशेला ते कळत नाही, आणि प्रोसेसर वाचतो तेव्हा काही ओळी मेमरीतल्या नव्या येतात, काही कॅशेतल्या जुन्या. बफर वाचण्याआधी तेवढा भाग इनव्हॅलिडेट करा (कॅशेतली जुनी प्रत टाकून द्या), किंवा ड्रायव्हरकडून कोहेरंट (कॅशेशी जुळलेला) बफर मागा. बहुतेक जण आधी केबल बदलतात, मग कनेक्टर बदलतात, आणि पट्टीची रुंदी मोजायचे राहून जाते.

इथरनेटवर यूडीपी ठीक आहे, टीसीपीच्या नादी लागू नका. पण प्रत्येक पॅकेटला क्रमांक आणि आत्तापर्यंतच्या एकूण बाइटांची संख्या द्या. डीसीए१००० हेच करते: ४ बाइटांचा क्रमांक, ६ बाइटांची एकूण संख्या, मग जास्तीत जास्त १४५६ बाइट डेटा. फायदा असा की पॅकेट हरवले तर लॅपटॉपवर तेवढी जागा शून्यांनी भरून पुढचे पॅकेट आपल्या जागी ठेवता येते. भोक पडते, पण सरकत काही नाही. सेकंदाला सुमारे १४,४०० पॅकेट होतात. पायथनच्या साध्या लूपमध्ये हे घेऊन वर तिथेच ग्राफ काढायला जाल तर पॅकेट पडणारच. घेणारा प्रोग्रॅम वेगळा, त्याचे काम फक्त डिस्कवर टाकणे. लिनक्सवर सॉकेटचा रिसीव्ह बफर वाढवा, विंडोज असेल तर फायरवॉल आणि वायफाय दोन्ही बंद करून बघा.

आता डेटाचा अर्थ बरोबर लागतोय का ते तपासू. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा तीन बाजूंचा कॉर्नर रिफ्लेक्टर करा, कडा १० सेंटिमीटरच्या, कोन नीट काटकोनात. ७७ गिगाहर्ट्झला एवढासा तुकडा सुमारे २७ चौरस मीटरच्या लक्ष्याइतका चमकतो. कॉलेजच्या मोकळ्या मैदानात तो रडारपासून ५ मीटरवर ठेवा. तुमचा उतार ३० मेगाहर्ट्झ प्रति मायक्रोसेकंद, सॅम्पलिंग ६.२५ मेगासॅम्पल, २५६ सॅम्पलला ४०.९६ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात बँडविड्थ १.२३ गिगाहर्ट्झ, म्हणजे एक रेंज-बिन (अंतराचा एक कप्पा) १२.२ सेंटिमीटरचा. ५ मीटर म्हणजे बिन ४१. शिखर तिथे आले तर उत्तम. २१५ वर आले तर आय आणि क्यू उलटे घेतले आहेत, कारण २५६ मधून ४१ गेले २१५. दोन्हीकडे आले तर आयची जोडी चुकीच्या क्यूशी लागते आहे. डीसीए१००० च्या फाइलमध्येही या चिपचा क्रम आय, आय, क्यू, क्यू असा येतो, आय-क्यू-आय-क्यू असा नाही. इथेच बरेच जण अडकतात. शिखरच नाही आणि गोंगाटाची पातळी वर चढलेली दिसली तर दोन बाइटांची अदलाबदल बघा. रेंज बरोबर पण रिफ्लेक्टर डावीकडे नेला की कोन भलतीकडेच जातो, असे असेल तर रिसीव्हरांचा क्रम चुकला.

जमले तर कोणाकडून तरी डीसीए१००० दोन दिवस मागून आणा. त्यातही लॅटिसची ईसीपी५ एफपीजीएच आहे, म्हणजे तुम्ही बांधताय तेच. त्याच रडारने, तोच रिफ्लेक्टर त्याच जागी ठेवून घेतलेली फाइल तुमच्या फाइलशेजारी ठेवली की वाद मिटतो.

वेग कमी करावा का, या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम मागे ठेवले होते. करावा, पण एफपीजीएला झेपत नाही म्हणून नव्हे. तुमची सेटिंग मोटारगाडीच्या रडारच्या उदाहरणातून उचललेली दिसते. दोन ट्रान्समीटर, १२० मायक्रोसेकंदांचा लूप, १२८ लूप: यातून कमाल वेग ८.१ मीटर प्रति सेकंद मिळतो आणि वेगाची पायरी १२.७ सेंटिमीटर प्रति सेकंद. मानशीतून ओहोटीला पाणी ओसरते त्या वेगाला एवढी मोठी पायरी कशी चालेल? कोन काढायचा नाही, तर दुसरा ट्रान्समीटर कशाला? एकच ठेवा, चर्पांतले अंतर २४० मायक्रोसेकंद करा, लूप २५५. कमाल वेग ४ मीटर प्रति सेकंदावर येतो, तो मानशीला भरपूर आहे, आणि पायरी ३.२ सेंटिमीटरवर उतरते. डेटा फ्रेममागे जवळपास तेवढाच, पण धार ५४६ वरून १३७ मेगाबिटवर. मग लेनचा वेग ३०० मेगाबिट केलात तरी चर्प ५५ मायक्रोसेकंदांत बाहेर पडतो आणि खूप मोकळा वेळ उरतो. एका बिटात मग ३.३ नॅनोसेकंद मिळतात. आयडिलेच्या २.४ नॅनोसेकंदांत अख्खा बिट मावणार नाही, पट्ट्याची एकच कड दिसेल. म्हणून टॅपची पट्टी ६०० वरच काढून घ्या आणि मग खाली या.

साठवणीचाही विचार करा. फ्रेम आता ६१ मिलिसेकंदांची झाली, म्हणून सेकंदाला १० धरू. तासाला ३७-३८ जीबी, आणि भरती-ओहोटीच्या एका पूर्ण फेऱ्याला, म्हणजे साधारण साडेबारा तासांना, ४६०-४७० जीबी. हे चोडणहून फेरीबोटीतून हार्ड डिस्कवर आणणार आहात का? पातळी आणि प्रवाह दोन्ही मिनिटा-मिनिटाला बदलतात. दर दहा सेकंदांनी एक फ्रेम घेतलीत तर तोच फेरा पाच जीबीच्या आत बसतो. पूर्ण वेगाचा कच्चा डेटा लॅबमध्ये आणि पहिल्या एक-दोन भेटींत घ्या, प्रक्रिया ठरवा, मग रेंज एफएफटी एफपीजीएमध्येच करून पाण्याच्या आसपासचे मोजके बिन साठवा. २५६ पॉइंटची एफएफटी व्हिवाडोच्या तयार आयपीतून (सर्किट-ब्लॉकमधून) मिळते, तिच्याविषयी जास्त सांगण्यासारखे काही नाही.

पातळी आणि वेग एकाच बसवणीतून मिळतील असे तुम्ही गृहीत धरले आहे, ते तपासा. सरळ खाली पाहणाऱ्या रडारला शांत पाणी आरशासारखे दिसते, पातळीला उत्तम. प्रवाहासाठी तिरके पाहावे लागते, आणि तिरक्या रडारला परतावा फक्त बारीक तरंगांतून मिळतो. वारा पडलेल्या सकाळी तुमच्या वेगाच्या ग्राफवर काहीच नसेल. तो सर्किटचा दोष नव्हे. शिवाय त्या तरंगांना स्वतःचाही वेग असतो, डॉप्लरमध्ये दोन्ही मिसळून येतात.

कोणी दुसरी चिप घ्यायच्या विचारात असेल तर दोन शब्द. एडब्ल्यूआर१२४३ किंवा २२४३ घेतलीत तर डेटा सीएसआय-२ या कॅमेऱ्यांच्या इंटरफेसवरूनही काढता येतो, पण ७-सिरीजच्या एफपीजीएत त्याचे डी-फाय सिग्नल थेट घेता येत नाहीत, बाहेर रेझिस्टरांचे जाळे लावावे लागते. अल्ट्रास्केल-प्लसमध्ये ती सोय आत आहे. आणि नुसती जवळची पातळीच हवी असेल तर इन्फिनिऑनची बीजीटी६०टीआर१३सी बघा. ६० गिगाहर्ट्झ, एक ट्रान्समीटर, तीन रिसीव्हर, आणि बाहेर साधा एसपीआय, ५० मेगाहर्ट्झपर्यंत. तिन्ही रिसीव्हर ४ मेगासॅम्पलने चालवले तर आत १४४ मेगाबिट तयार होतात आणि बाहेर फार तर ५० जातात. मधला फरक चिपमधला ८१९२ शब्दांचा फिफो सांभाळतो. फिफो अर्धा भरला की इंटरप्ट, लगेच बर्स्ट वाचन, आणि प्रत्येक वाचनाला स्टेटसमधला ओव्हरफ्लोचा बिट बघणे. पातळीपुरते हे एलव्हीडीएसच्या सगळ्या खटाटोपापेक्षा सोपे आहे, आणि त्याला झेडबोर्डही लागत नाही.

बाहेर नेण्याबद्दल. बूस्ट बोर्डाला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अॅडॅप्टर द्या. यूएसबी पॉवर बँकेवर चालवलात तर ट्रान्समीटर सुरू होताना व्होल्टेज खचतो आणि चिप रीसेट होते. लक्षण पुन्हा तेच, ‘फ्रेम सरकली’. खोक्याचे झाकण पॉलिकार्बोनेटचे करणार असाल तर जाडी २.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. ७७ गिगाहर्ट्झला ती प्लास्टिकमधल्या एका तरंगलांबीइतकी होते आणि परावर्तन कमी होते. पावसात झाकणावर पाण्याचा पापुद्रा साचला की सिग्नल निम्म्याहून जास्त खाली जातो, म्हणून झाकण तिरके ठेवा, पाणी टिकणार नाही असे. खाजनात खारी हवा बाराही महिने आहे. एफएमसीसारखा उघडा कनेक्टर तिथे फार दिवस टिकायचा नाही. चवथीनंतर पाऊस ओसरला की बसवायला जा, त्याआधी लॅबमध्ये टेस्ट पॅटर्न रात्रभर चालवून घ्या.

जंपर, रीसेटचा क्रम, फ्रेम-क्लॉकचा आयसर्डेस आणि कॅशे इनव्हॅलिडेट, एवढ्या चार गोष्टी या क्रमाने करा आणि प्रत्येकीनंतर टेस्ट पॅटर्न घ्या. त्यानंतरही अडलात तर दोन्ही लेनच्या टॅपांची पट्टी, ३२ आकड्यांची, आणि एका खराब फ्रेमचे पहिले १६ चर्प हेडरसकट पाठवा. चित्रे नकोत, मला आकडे लागतील.